मशीन अडखळली तिथे

“ताई, मन्ही चूक नही शे,” नर्स ममता रडत म्हणाली. “ते लेकरू गोवरनी गयं. म्या त्याले लसनी सुई दिधीच नही! दारमाईन मले परत धाडं.”

खासगी गुप्तहेर रोहिणीने क्लिप पुन्हा लावली. तिचा सहकारी हेमकांत कान देऊन ऐकू लागला. मागे शिलाई मशीनची घरघर, पुढे एका बाईचा रडवेला आवाज: “मैंने सुई लगवाई, मेरा बच्चा चला गया.”

ही क्लिप मोबाइलवरून तळोदा गावभर फिरली होती. मुस्लिम मोहल्ल्याच्या ग्रुपात ‘आपली मुलं मारतायत’, बाकी गावाच्या ग्रुपात ‘हे लोक अफवाच पसरवणार’. शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले. ममताला तर कुणी दारात उभं करेना.

“मशीन मध्येच अडखळते,” हेमकांत म्हणाला. “‘सुई’ म्हटल्यावर लगेच. दोरा तुटला असेल.”

रोहिणीने तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला.

मोबाइल दुकानदार भाग्येशने क्लिप ग्रुपात टाकली होती. रोहिणीने विचारताच तो उखडला. “मोहल्ल्यातूनच आली. जशी आली तशी पुढे ढकलली. हे बघा!”

त्याच्याकडच्या क्लिपमध्येही मशीन तिथेच अडखळत होती.

मोहल्ल्यात हबीब टेलर शिवत बसला होता. सोबत आलेली ममता दारातच थांबली. गेलेलं बाळ त्याचंच. त्याची बायको नजमुन्निसा भिंतीला टेकून होती; क्लिपमधला आवाज तिचाच.

“फोन इन्हीं का था,” ती पुटपुटली. “बहनों को भेजने बोली थी.”

“उसे मत रुलाओ,” हबीब घाईने म्हणाला.

रोहिणी त्याच्यासमोर बसली. “हबीबभाई, दोरा तुटला तरी मशीन चालूच राहते. इथे आवाजच उडी मारतो, म्हणजे मधला तुकडा कापलाय. ममताने सुई दिलीच नव्हती. मग ‘सुई’ आणि ‘लगवाई’ यांच्यामध्ये एकच शब्द बसतो. ‘नहीं’. भाग्येशकडे क्लिप कापलेलीच आली. पूर्ण आवाज फक्त तुमच्या फोनमध्ये होता. ममताला दारातून परत कुणी पाठवलं?”

मशीन थांबली.

“मोबाइल में पढ़ा था, सुई से बच्चे बीमार होते हैं,” हबीब म्हणाला. “‘नहीं’ सुनते तो सब पूछते, किसने रोका? मैंने रोका था.”

हेमकांतला वाटलं, आता ही बाई किंचाळेल. ती उठली, नवऱ्याजवळ बसली. रेकॉर्डिंग चालू करून फोन त्याच्या हातात दिला.

“बोलो.”

“मैंने रोका था,” हबीब फोनमध्ये म्हणाला.

नजमुन्निसाने फोन आपल्याकडे ओढला. “हम दोनों से ग़लती हुई. बहनों, ममता दीदी आएँगी तो दरवाज़ा खोलना.”

दारात उभ्या ममताने चपला काढल्या आणि आत येऊन नजमुन्निसाला जवळ घेतलं.