हौदात एक माणूस कमी

दिवा तिथंच राहू दे, वर नको टांगूस. आणि बाटल्या रिकाम्या झाल्या असतील तर आत्ताच माझ्या नळावर भरून घ्या. वखारीमागच्या झऱ्यावर आता कुणी जायचं नाही. का, ते विचारताय म्हणून सांगतो. एरवी तोडणीच्या दिवसांत मी हे काढत नाही. दिवसभर द्राक्षं तोडून तुमच्या पाठी मोडलेल्या असतात, रात्री निदान झोप तरी लागावी माणसाला.

नॉर्बेर्तो सेइशास म्हणून एक जण होता. होता म्हणजे, आहे अजून, फ्रान्समध्ये. आम्ही त्याला बेर्तो म्हणायचो. शाळेत तो आणि मी एका बाकावर बसायचो. एकोणिसाव्या वर्षी तो गेला तिकडे, टायरच्या कारखान्यात लागला आणि तिथलाच झाला. आधी दर ऑगस्टात यायचा, मग एकाआड एक, मग नाहीच. त्याचा थोरला भाऊ अमांदियो मात्र इथंच राहिला. लग्न केलं नाही. बापानं मागं ठेवलेल्या, डोंगरउतारावर पाटीच्या दगडानं बांधलेल्या ताली, त्यांवरचे द्राक्षांचे वेल, ही खाली नदीकाठची वखार आणि वखारीतला दगडी हौद, एवढ्यातच त्याचं आयुष्य गेलं. हौदात द्राक्षं पायानंच तुडवायची, हे त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता तुम्ही मोठ्या मळ्यांवर काम करता, तिथं पंखे असतात. जुन्या वखारीत नसायचे. रस आंबायला लागला की त्यातून वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. खाली खाली साचत जातो. म्हणून हौदात एकट्यानं उतरायचं नाही, दाराशी एक माणूस उभा हवाच, हा आमच्याकडचा नियम. आत तुडवणाऱ्यानं पावलागणिक हाक देत राहायचं आणि तो आवाज थांबला की बाहेरच्यानं त्याला ओढून काढायचं.

दोन हजार अकराच्या तोडणीत अमांदियोला माणूस मिळेना. मी तेव्हा पाय मोडून घरात पडलेलो. त्यानं बेर्तोला फोन केला. म्हणाला, दोन रात्रींसाठी ये. तुडवू नकोस, नुसता दाराशी उभा राहा. बेर्तो म्हणाला, सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की येतो.

सुट्टी मिळाली होती, हे फार नंतर त्याच्याच तोंडून कळलं. त्याच महिन्यात त्यानं ती घरगाडी घेतली होती. बघितल्या असतील तुम्ही, आत पलंग, चूल, मोरी, सगळं असतं. बायकोला, ओदेतला घेऊन तो स्पेनच्या समुद्रावर निघालेला. ओदेत त्याला म्हणाली होती, आधी भावाकडं जाऊ, समुद्र कुठं पळून जात नाही. ती आपल्याच डोंगराकडची, चावेशची. पण ही दरी तिनं कधी पाहिली नव्हती, तो यायचा तेव्हा एकटाच यायचा. बेर्तो म्हणाला, त्या हौदाच्या वासानं मला मळमळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुबड्या घेऊन मी वखारीत गेलो. दार मीच ढकललं. अमांदियो हौदात पालथा होता.

मातीलाही बेर्तो पोचला नाही. समुद्रावर फोन बंद ठेवला होता म्हणाला. नंतर एकदा येऊन कागदांवर सह्या करून गेला. ताली एका कंपनीकडं गेल्या, वखारीला कुलूप लागलं. मला भेटलासुद्धा नाही.

मग सहा वर्षांनी, दोघं रिटायर झाल्यावर, ओदेतनं हट्टच धरला. म्हणाली, सगळा युरोप दाखवलास, आता तुझी नदी दाखव. तेव्हा आला. रेग्वा गावापासून दोरू नदीच्या काठाकाठानं वर, रमतगमत, तीन दिवस. जिथं परदेशी लोक फोटो काढतात तिथं थांबायचं. मोठ्या मळ्यांत जाऊन कपभर वाइन चाखायची. द्राक्षं कशी तुडवतात ते तिथली पोरगी इंग्रजीतून समजावून सांगायची आणि हा बेर्तो, हौदात वाढलेला माणूस, पाहुण्यांत उभा राहून मान डोलवायचा. ओदेत प्रत्येक वळणावर विचारायची, तुझं गाव कुठलं? तो म्हणायचा, पुढं आहे.

एकवीस सप्टेंबर दोन हजार सतरा. गुरुवार. आदल्याच दिवशी अमावास्या झालेली. त्या साली पाऊस नव्हता, द्राक्षं लवकर पिकली, तोडणी दहा-बारा दिवस आधीच उरकली होती. हे नीट लक्षात ठेवा. त्या रात्री या सगळ्या पट्ट्यात एकही हौद भरलेला नव्हता.

संध्याकाळी त्यानं गाडी खालच्या बंद स्टेशनात लावली. गाडीच्या टाकीतलं पाणी संपलं होतं आणि स्टेशनचा नळ कधीचाच कोरडा. म्हणून दोन कॅन घेऊन तो वर माझ्या दुकानात आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. आणि मला पाणी कुठल्या भाषेत विचारावं त्यानं? फ्रेंचमध्ये.

मी कप पुसत होतो, पुसतच राहिलो. मग म्हणालो, "बेर्तो, पाणी तुझ्या घरचंच आहे की. झरा आटलेला नाही. रस्ता विसरला असशील तर येऊ का सोबत?"

मी चिडून बोललो होतो. माझ्या नळाला पाणी होतं, देता आलं असतं. पण नाही दिलं. तेवढा दोष माझा.

तो रिकामे कॅन उचलून निघाला. झऱ्यावर गेलाच नाही. ओदेतला सांगितलं, दुकान बंद होतं, सकाळी बघू. बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन ती झोपली. पुढचं सगळं मला त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून.

रात्री पाऊणच्या सुमाराला ओदेतनं त्याला हलवलं. तिला रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. म्हणाली, घोटभर पाणी बघ. बाटली उलटी केली तर थेंब नाही. आता एवढ्या रात्री दुकानाचं दार ठोठवायचं तर मीच उघडणार, आणि मला तोंड दाखवायची त्याची तयारी नव्हती. झरा दोनशे पावलांवर. अंधारात कोण बघतंय? एक कॅन आणि बॅटरी घेऊन तो उतरला. जाताना दार नीट लोटून घेतलं. ओदेत भिंतीकडं तोंड करून पुन्हा पडली होती.

रुळांच्या कडेनं गेला. रुळांत गवत माजलेलं. नदीचा आवाज नाही, धरण झाल्यापासून तिला आवाजच राहिला नाही. झरा सापडला. कॅन लावला. पाणी बारीक धारेनं पडत होतं, वेळ लागणार होता. बॅटरी खाली ठेवून तो वखारीच्या भिंतीला टेकला.

आणि त्याला वास आला.

आंबत्या रसाचा. ताज्या. त्याला वाटलं, मनाचे खेळ. तीन दिवस मळ्यांतून हिंडतोय, कपड्यांना लागला असेल. त्यानं शर्टाची बाही हुंगली. बाहीला साबणाचा वास होता.

मग भिंतीतून आवाज आला.

चपाक... चपाक...

तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. गुडघाभर लगद्यातून पाय उचलायचा, पुन्हा रोवायचा. संथ. जड. एकाच माणसाचा. आणि त्यावर हाक...

"डावा... उजवा... डावा... उजवा..."

आवाज अमांदियोचा होता.

बेर्तोनं बॅटरी उचलली. दारावर झोत टाकला. कंपनीचं कुलूप जागच्या जागी. कडीला गंज. उंबऱ्यावर कोळ्याचं जाळं, न फाटलेलं. खिडकीच्या फटीत अंधार... आत उजेडाचा ठिपका नाही.

"डावा... उजवा..."

कॅन भरला. पाणी काठावरून वाहायला लागलं. त्याला वाकून तो उचलता येईना.

हाक थांबली.

पाय थांबले.

आवाज थांबला की बाहेरच्यानं काय करायचं, ते त्याला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. तो हलला नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही म्हणाला. मग दाराच्या फळीमागून, अगदी जवळून, घोगऱ्या आवाजात...

"बेर्तो... एक माणूस कमी आहे रे."

त्यात राग नव्हता म्हणाला. राग असता तर बरं झालं असतं. कामावर आलेल्या माणसाला सांगावं, तसं सांगितलं.

"बूट काढ... ये."

आणि बेर्तो काय बोलला, ते ऐका. माफी मागितली नाही. देवाचं नाव घेतलं नाही. सहा वर्षं ते शब्द जिभेवर तयारच बसले असावेत.

"दादा... उद्या येतो. उद्या नक्की."



मग दारामागचा म्हणाला, "बरं."

एवढंच. जसा फोनवर म्हणाला असेल.

पावलं दारापासून आत गेली. पुन्हा चपाक... चपाक... पुन्हा हाक. बेर्तोनं कॅन तिथंच टाकला आणि वळला. दहा पावलं गेला असेल. कान मागंच होते. आणि त्याला कळलं, आवाज बदललाय.

जड पावलाशेजारी आता दुसरं पाऊल पडत होतं.

हलकं. शिकाऊ. एक ठेका मागं राहणारं... मग सावरून बरोबर येणारं.

तो पळाला. स्टेशनापर्यंत धावत आला, गाडीत शिरला, आतून दोन्ही खटके लावले. ओदेत होती तशीच झोपली होती. भिंतीकडं तोंड, गळ्यापर्यंत पांघरूण, श्वास शांत. त्यानं तिला उठवलं नाही. दिवा लावला नाही. ड्रायव्हरच्या सीटवर, हातात किल्ली धरून बसला. गाडी चालू करून निघून जावं, हेही सुचलं नाही. वखारीकडून, भिंतीआडून, चारपर्यंत आवाज येत राहिला. दोघांचा. शेवटी शेवटी दुसरं पाऊल चांगलं बसलं होतं म्हणाला.

सकाळी सहाला तो माझ्याकडं आला. मी दार उघडलं, तर पायरीवर हा. मी त्याला आत घेतलं नाही आणि हाकललंही नाही. शेजारी बसलो. सगळं बोलून झाल्यावर म्हणाला, "सिल्वेरियो, तू चल. माझ्याच्यानं तिला उठववत नाही."

आम्ही खाली गेलो. ओदेतवहिनी उठल्या होत्या. गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय बाहेर सोडून. आधी मला वाटलं, गडद मोजे घातलेत. जवळ गेलो. मोजे नव्हते. गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय काळेजांभळे. बोटांच्या फटींत साली. नखांत बिया.

मी विचारलं, "वहिनी, रात्री कुठं गेला होतात?"

त्या म्हणाल्या, "कुठं जाणार? झोपले होते. पाय तेवढे भरून आलेत."

मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं. तो अजून त्यांच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो, मी तिथं होतो.

त्या म्हणाल्या, "तू उद्या कशाला म्हणालास?"

बेर्तो खाली बघत राहिला.

कंपनीच्या राखणदाराला उठवून मी किल्ली आणवली. कुलूप तेल घालून उघडावं लागलं. आत हौद कोरडा. तळाशी बोटभर धूळ, तिच्यावर उंदराचीसुद्धा पावलं नाहीत. वास म्हणाल तर कोंदट दगडाचा. झऱ्यावर कॅन उभा होता, काठोकाठ भरलेला. मी तो ओतून दिला.

दुपारच्या आत ते निघाले. गाडी वहिनींनी चालवली. तो बाजूला बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. त्या दिवसानंतर ती दोघं गाडी घेऊन कुठं गेली नाहीत. एका घरात राहतात. बोलतात कामापुरतं. वहिनी वेगळ्या खोलीत झोपतात.

बेर्तोचा फोन येतो मला, नाताळात. पहिल्या वर्षी म्हणाला, तिच्या पायांवरचा डाग निघत नाही. मी म्हणालो, द्राक्षाचा रंग चिवट असतो, लिंबू लाव, पंधरवड्यात उतरेल. दुसऱ्या वर्षी म्हणाला, डॉक्टरला दाखवलं, कातडीला काही झालेलं नाही म्हणतात. मी म्हणालो, मुरला असेल आत.

गेल्या नाताळात पुन्हा डागाचंच काढलं. मग म्हणाला, "मुरलेला डाग वाळतो ना रे, सिल्वेरियो?"

मी म्हणालो, वाळतो.

म्हणाला, "तिची चादर मी धुतो. रोज सकाळी पायांकडं जांभळी... ओली असते."