ड्रिस्कॉलच्या खोपीपाशी

वाटाड्या हार्लन टिबेट्स लाकडी खोपीसमोर पालथा मरून पडला होता. कानशिलावर घोड्याच्या नालेची ठळक खूण होती. डोंगरावर ढग काळवंडले होते आणि वर गिधाडं घिरट्या घालत होती.

वायोमिंगच्या याच रानात लेमन ड्रिस्कॉलने काउबॉयच्या पहिल्या कादंबऱ्या लिहिल्या. वाचक त्या जागा पाहायला येत आणि हार्लन त्यांना हिंडवत असे. आजचे पाहुणे अजून खाली ओढ्यापाशीच थांबले होते.

"घोड्याने लाथ घातली. यात शोधायचं काय?" निवृत्त शेरीफ डेल म्हणाला.

"घोड्याच्या मागे तो कधी उभा राहायचा नाही," हार्लनची बायको रोझाली म्हणाली. खाजगी गुप्तहेर लोर्ना हॅस्केटला तिनेच बोलावलं होतं. "आज पाहुण्यांना तो एक नवी जागा दाखवणार होता. सकाळी घासही घेतला नाही त्याने."

शेजारचा कुरणवाला मर्ल गुरगुरला, "भांडण होतं आमचं, नाही म्हणत नाही. माझ्या कुरणातून माणसं न्यायचा. पण मी विहिरीवर होतो. काही ऐकलं नाही."

लेखकाचा नातू ऑगस्टस ड्रिस्कॉल मात्र खोपीतच होता. "घोडा बिथरला. दगडांवर नाल खणखणली. धावत आलो, तर हा पडलेला."

लोर्नाने हार्लनच्या घोड्याचे चारही पाय उचलून पाहिले. मग ती खोपीच्या दाराशी गेली. चौकटीवर एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली नालेच्या आकाराचं फिकट लाकूड.

"रोझाली, या घोड्याची नाल?"

"काल काढली. बर्फाआधी काढतोच आम्ही. मीच लगाम धरला होता."

डेलने आ वासला.

"अरे डेल, अनवाणी घोड्याच्या लाथेने नालेची खूण उठेल का?" लोर्ना म्हणाली. "दारावरची नाल काढून कुणीतरी घाव घातला. आणि मिस्टर ड्रिस्कॉल, जी नाल पायात नव्हती, ती तुम्ही ऐकलीत कशी? नाल काढल्याचं तुम्हाला ठाऊक नव्हतं. काय दाखवणार होता हार्लन?"

उत्तर रोझालीने दिलं.

"झाड. कादंबरीत गुरंचोराला फाशी देतात ते. खरोखर तिथे लटकला तो चोर नव्हता, हार्लनचा आजोबा होता. दोर ओढला लेमन ड्रिस्कॉलने. हार्लनच्या आजीने डोळ्यांनी पाहिलं होतं."

"नको म्हणून हात जोडले मी त्याच्यापुढे," ऑगस्टस पुटपुटला. "ऐकेना तो. आमच्या घराण्याकडे दुसरं आहे काय? एक नाव!"

डेलने त्याचा दंड पकडला.

रोझालीने नवऱ्यावर घोंगडी पांघरली आणि ती ओढ्याकडे उतरली. "चला," ती पाहुण्यांना म्हणाली. ते तिच्यामागे गेले. फाशीच्या झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून ती म्हणाली, "त्याचं नाव एझरा टिबेट्स."

कॅमेरे गळ्यात होते. कुणीही फोटो काढला नाही.