पारव्याची मुकी चौकट

जिन्याच्या वळणावर एक माणूस डोळे मिटून ओली चादर झटकत होता. वाळत घालण्याआधी झटकतात तशी नव्हे. एकदा डोक्यावरून, एकदा गुडघ्यापाशी, आणि प्रत्येक झटक्यानंतर मान कलती करून जिन्यात घुमणारा आवाज पार विरेपर्यंत ऐकायचा, असा त्याचा उद्योग चालला होता. पायाशी पाण्याचं तळं साचलं होतं आणि एक छोटंसं यंत्र कठड्यावर लाल दिवा लावून बसलं होतं.

"जरा थांबता का? तुमच्या चपला वाजतायत," तो डोळे न उघडताच म्हणाला.

ती थांबली. बाहेर पावसाची भुरभुर होती, केस ओले झाले होते, दोन्ही हातांत दौती होत्या आणि वर मावशी वाट पाहत होती. तरी थांबली. तो माणूस दिसायला बरा होता हे एक कारण असू शकतं, पण ते तिने पुढे बरेच दिवस कबूल केलं नाही.

लाल दिवा विझला तसा तो सुटलाच. आपण सिनेमांना आवाज देतो, म्हणजे दारं, पावलं, काचा, घोडे वगैरे. सध्या 'काळा पारवा' करतोय. कॉमिक्समधला पारवा हो, मुखवटेवाला. गच्चीवरून उडी घेतो ना, तेव्हा त्याचा झगा कसा फडफडेल, त्याचा हा शोध, आणि हा जिना छान घुमतो.

आता खरं सांगायचं तर ही मुलगी बोलण्यात अगदीच कंजूष होती. कुणी पत्ता विचारला तर हाताने दिशा दाखवून मोकळी व्हायची. पण पारव्याचं नाव निघाल्यावर गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"पारव्याचा झगा सुती नाही," ती म्हणाली.

"अं?"

"चादरीसारखा तर मुळीच वाजत नाही."

एवढं सुनावून ती तरातरा वर निघून गेली. आणि तो ओल्या चादरीसकट तिच्या मागोमाग.

वरच्या मजल्यावर मावशीचं प्रकाशन होतं. प्रकाशन म्हणजे एक लांबट खोली, खिडकीपाशी उतरतं टेबल आणि छतापर्यंत गठ्ठे. काळा पारवा याच खोलीत जन्मला. मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, तो काढला, आणि काका गेले तेव्हा तोही थांबला. आता सिनेमा येणार म्हणून सगळे अंक पुन्हा निघत होते. चित्रं ठणठणीत होती, पण जुन्या छपाईत संवादांची अक्षरं झिजून गेली होती. म्हणून प्रत्येक फुग्यातलं प्रत्येक वाक्य ही भाची नव्याने हाताने लिहीत होती. तिची बोटं सदा काळी, त्यामुळे मावशी तिला शाई म्हणायची, आणि मावशीचं ऐकून सगळेच.

आवाजवाल्याला कळलं की आपण थेट पारव्याच्या माहेरी येऊन पोचलोय, तेव्हा त्याने चादर खाली ठेवली आणि नम्रपणे विचारलं, "मग झगा कसला होता, ते तरी सांगा."

झालं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी काहीतरी काखोटीला मारून हजर. कधी रेनकोट, कधी कातड्याची पिशवी, कधी कुठल्याशा तंबूचा तुकडा. तो खिडकीत उभा राहून फडफडवायचा, शाई लेखणी थांबवून ऐकायची आणि मान हलवायची. नाही. हे तर कोंबडी पळाल्यासारखं वाटतं. तो म्हणायचा, तुम्ही नाही म्हणताना नाकाचा शेंडा हलतो, ते बघायला मी मुद्दाम वाईट आवाज आणतो. ती मान खाली घालून लिहायला लागायची, आणि खलनायकाच्या तोंडचा 'मर' तीनदा गिरवला जायचा.

कामापेक्षा गप्पाच फार. म्हणजे बोलायचा तो, आणि ती मधूनच एखादं वाक्य टाकायची, पण नेमकं. पारव्याच्या अंकांत छपाईचा लाल रंग नेहमी रेषेबाहेर सांडलेला असायचा, त्यामुळे पारव्याची हनुवटी दर अंकात थोडी घसरलेली दिसे. खलनायक पारव्याला बांधून घातलं की आपला सगळा बेत त्याला सविस्तर सांगत बसे, जणू मुलाखतीलाच बोलावलंय. आणि मुखवटा झाकायचा फक्त डोळे, तरी पारव्याच्या घरमालकिणीने त्याला कधी ओळखलं नाही. आवाजवाला यावर पोट धरून हसायचा आणि शाईही हसायची. परक्या माणसाने यातल्या कशालाही नावं ठेवली असती, तर तिने त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. आपली माणसं हसली तर चालतं. हा आपला कधी झाला, याचा हिशेब मात्र लागत नव्हता.

शेवटी झगा सापडला तो मावशीच्या छत्रीत. जुनी काळी छत्री अर्धवट उघडून जोरात मिटली, आणि शाईने लेखणीच खाली ठेवली. अगदी तोच. लहानपणी पानं उलटताना कानात वाजायचा तो. आवाजवाल्याने आनंदाने ती छत्री इतक्या वेळा मिटली की तिच्या काड्या निखळल्या. मावशी म्हणाली, सिनेमा पडला तर छत्रीचे पैसे भरून घेईन.

त्या दिवशी शाईने त्याला मुकी चौकट दाखवली.

पारव्याच्या चाहत्यांना ही चौकट तोंडपाठ होती, जरी तिच्यात पाठ करण्यासारखं काही नव्हतं. दर अंकात, शहर वाचलं, चोर पकडले गेले, की पारवा टेलिफोन कचेरीच्या खिडकीत येऊन बसतो. आत टेलिफोनवाली. दोघं एकमेकांकडे बघतात. फुगा नाही, आवाज नाही, एक अक्षर नाही. पान उलटलं की अंक संपला.

"इथं मी रातकिडे टाकणार," आवाजवाला म्हणाला. "लांबून एक गाडी. मग तिच्या बांगड्या..."

शाईने चौकटीवर तळहात ठेवला. "इथं काही टाकायचं नाही."

आणि मग ती त्याच्याशी पहिल्यांदाच सलग बोलली. म्हणाली, लहानपणी मी ही चौकट आली की अंक मिटून घ्यायचे आणि ते दोघं काय म्हणत असतील ते ठरवायचे. दर वेळी वेगळं. माझी मैत्रीण वेगळंच सांगायची, त्यावरून आमची भांडणं व्हायची. प्रत्येकाचं आपापलं असतं इथं. मी इतके फुगे लिहिते, पण सगळ्यांत आवडती चौकट हीच, जिथं मला काहीच काम नाही.

त्याने चौकटीवरचा तिचा तळहात पाहिला. मग अवघडून म्हणाला, "दिग्दर्शकांना इथं वाक्य हवंय. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे.' मागे व्हायोलिन."

शाईचा चेहरा उतरला. सिनेमा लाखो लोक बघणार. एकदा पारवा बोलला की बोलला, मग कुणालाही ती चौकट रिकामी दिसणार नाही, तिला स्वतःलासुद्धा नाही.

"मी बघतो," तो म्हणाला. "वचन देतो. होऊ देणार नाही."

त्याची बोटं टेबलावर तिच्या बोटांच्या अगदी जवळ होती. तिने आपली मागे घेतली नाहीत... त्यानेही नाही. मग मावशी खोकली.

त्यानंतर तो आलाच नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. फोनही नाही. शाई लिहीत राहिली. मावशी अधूनमधून खिडकीतून खाली बघायची आणि पावसाबद्दल काहीतरी बोलायची. लिहून झालेली पानं छापून त्यांचे नमुने सिनेमावाल्यांकडे जात, तेही वेळच्या वेळी गेले. ते गेल्यावर मावशी आपली प्रत घेऊन शाईसमोर येऊन बसली.

"हे काय गं?"

शाईने पाहिलं आणि तिचे कान तापले. मुक्या चौकटीत फुगा होता. सुबक, गोल, टेलिफोनवालीच्या तोंडाकडे शेपूट असलेला. आत तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'इतके दिवस कुठे होतास?'

"तुझ्या काकांना तिथं काही सुचायचं नाही," मावशी शांतपणे म्हणाली. "मलाही कधी तोंडाने काही म्हणाले नाहीत. पण चौकट मात्र दर अंकात काढायचे. त्यांना जन्मभर जमलं नाही, ते तू करून टाकलंस." आणि मग हसू आवरेना म्हणून पाणी प्यायला उठली.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. संध्याकाळी आवाजवाल्याचा फोन आला. तो नेहमीसारखा बोलत नव्हता. नमुन्याचं पान दिग्दर्शकांच्या हाती पडलं होतं आणि ते स्टुडिओभर नाचवत होते. घरच्याच लोकांनी चौकट बोलकी केली, मग आपण कशाला मुकी ठेवायची? उद्या सकाळी आवाजाचं शेवटचं काम, वाक्य आणि व्हायोलिन दोन्ही ठेवायचं नक्की झालंय.

"ते चुकून झालं," शाई म्हणाली.

"मी तेच म्हणालो. ते विश्वास ठेवत नाहीत." मग त्याने आवाज खाली आणला. "चुकूनच ना?"

तिने फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्याच हाताने आपण पारव्याचं तोंड उघडलं, आणि ते पुन्हा मिटवायचं तर आपलं उघडावं लागणार, एवढं तिला स्वच्छ दिसत होतं. चारचौघांत. त्याच्यादेखत.

स्टुडिओ म्हणजे एक अंधारी थंडगार खोली होती. समोर पडद्यावर पारवा खिडकीत थिजून बसला होता. बटणांच्या लांबलचक फळीशी आवाजवाला, डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. शाईला आत येताना पाहून तो उठला आणि त्याची खुर्ची मागच्या मागे घरंगळत गेली.

दिग्दर्शकांनी मोठ्या प्रेमाने तिचं स्वागत केलं. शाई दारातच थांबली आणि म्हणाली,

"तो फुगा चुकून आलाय."

"अहो, चुकून शाई सांडते," दिग्दर्शक म्हणाले. "एवढा रेखीव फुगा चुकून कसा येईल? शेपटीसकट?"

शाई जमिनीकडे बघत राहिली. मग पडद्याकडे. आवाजवाल्याकडे बघायची काही हिंमत झाली नाही.

"तो पारव्याला नव्हता," ती म्हणाली. "मी... यांना विचारत होते."

हा माणूस झोपेतही बोलत असावा अशी मावशीला दाट शंका होती, पण आता तो घरंगळलेली खुर्ची शोधत नुसताच मागे हात चाचपडत होता.

बांध फुटला तो फुटलाच. "माझं प्रेम बसलंय यांच्यावर," शाई म्हणाली, "आणि मला बोलता येत नाही. ती चौकट रिकामी दिसली म्हणून मनातलं तिथं उतरलं, माझं मलाही कळलं नाही. तुम्ही तिथं वाक्य घातलंत, तर बघणाऱ्यांना फक्त तुमचंच ऐकू येईल. ज्याचं त्याला ऐकू येऊ दे ना, साहेब."

दिग्दर्शक डोकं खाजवत बसले. मग त्यांनी प्रसंग वाक्याविना लावायला सांगितला. पारवा खिडकीत आला, टेलिफोनवालीने मान वर केली, आणि काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला त्यांनी हळूच डोळे पुसले आणि कुरकुरत म्हणाले, "व्हायोलिनपण काढा. त्या वाजवणाऱ्यांना आता मी काय सांगू, ते मात्र तुम्ही दोघं ठरवा."

बाहेरच्या बोळात आवाजवाल्याने तिला गाठलं.

"इथेच होतो," तो म्हणाला. "इतके दिवस. रोज भांडत होतो आणि रोज हरत होतो. तुम्हाला वचन दिलेलं... हरलो हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"फोन तरी करायचा."

"तुमचा आवाज ऐकला असता तर सगळं सोडून तिकडेच आलो असतो." मग जरा थांबून, डोळ्यांत हसू आणत, "तुम्ही मला मनात 'तू' म्हणता?"

"हो."

"कधीपासून?"

"तू ऐकतोस फार," शाई म्हणाली, आणि त्याने तिचे दोन्ही काळे हात आपल्या हातात घेतले.

सिनेमाचा पहिला खेळ चाहत्यांसाठी होता. थिएटर खचाखच भरलं होतं. अंकातल्यासारखाच हनुवटीवर सांडलेला लाल रंग दिसला तेव्हा टाळ्या पडल्या, घरमालकिणीने पारव्याला पुन्हा ओळखलं नाही तेव्हा शिट्ट्या. आणि मग ती खिडकी आली. एवढी माणसं एकदम गप्प झाली. कुणी हललं नाही. मावशी पुढच्याच रांगेत होती, तिने चष्मा काढून हातात धरला होता. अंधारात जो तो आपापल्या माणसाशी बोलत होता, आणि शाईला वाटलं, आपल्याला ते सगळं ऐकू येतंय.

आवाजवाला तिच्याकडे वळला. तिने डोळ्यांनीच दटावलं. तो शहाण्यासारखा थांबला, अगदी पडद्यावरची शांतता संपेपर्यंत. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

"हो," शाई म्हणाली, आणि जन्मात बोलली नव्हती इतक्या मोठ्याने म्हणाली.

चार रांगांनी माना वळवल्या. मावशीने मात्र वळूनही पाहिलं नाही. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत ती म्हणाली, "करा, खुशाल करा. पण आता गप्प बसा दोघं, मारामारी सुरू होतेय."