चंद्रीची वेणी

खोटं वाटलं तर खुशाल म्हणा. घडलं ते घडलं. प्रभंजन मुतालिक धारवाडात सप्तापूरला राहतो आणि त्याचं नाव मी मुद्दाम बदललेलं नाही. लाज त्याची आहे, माझी नाही.

साल १९७९. मे महिना. अळणावरजवळचं रान.

प्रभंजन कचेरीत कारकून. रविवारी मात्र गळ्यात कॅमेरा अडकवून झाडांवर फुलणारी रानऑर्किडं शोधत फिरायचा. हाच नाद असलेला गावात आणखी एकच माणूस, मुकुंदराव वकील. दोघं तोंडावर गोड, आत नुसती जळजळ.

त्या दुपारी हिराबाई नावाच्या शेतकरणीच्या बांधावर, फणसाच्या फांदीला सीतेची वेणी, म्हणजे रानऑर्किडचा घोस, लोंबत होता. गुलाबी-पांढरी, हातभर लांब. असा घोस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

"हिला इकडं काय म्हणता, अक्का?"

"चंद्रीची वेणी," हिराबाई म्हणाली. "लांबनं फोटू काढा. हात लावू नकासा."

प्रभंजन खूश. फुलाचं गावठी नाव मिळालं!

हिराबाई पाण्याला गेली. त्यानं पोटभर फोटो काढले. मग डोक्यात किडा वळवळला… पुढच्या रविवारी मुकुंदराव इकडंच येणार होते.

त्यांना कशाला मिळायला हवी?

त्यानं फांदी वाकवली. घोस कटकन मोडला. पिशवीत गेला.

हिराबाई घागर घेऊन परतली. वर बघितलं…

"वेणी कुठं गेली हो?"

"मला काय ठाऊक? माकड आलं होतं."

तिनं घागर खाली ठेवली.

"चंद्री माझी लेक, अण्णा. अंगाला हळद लागलेली पोर, ह्याच झाडाखाली साप चावून गेली. लग्नाची वेणी काय तिला घालाय मिळाली न्हाई. फुडच्या साली फांदीवर ही फुलली. तवापास्नं आम्ही म्हंतो, पोरगी नटली."

म्हणजे नाव फुलाचं नव्हतं. मालकिणीचं होतं.

पिशवी खांद्यावरच होती. हात घालून काढायची, एवढंच. नाही काढली. शिकलेला माणूस चोरी करायला भीत नाही, चोर म्हणवून घ्यायला भितो.

घरी येऊन त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि मोरीत तोंड धूत बसला. बाहेर येतो तर बायको, शकुंतला, आरशापुढं.

वेणी तिच्या केसांत!

"अगंबाई, फुलं आणलीत हे सांगायचं तरी! का सांगायलाही लाजलात?"

कधी नव्हे ती खुलली होती.

दिवेलागणीची वेळ. शेजारचा रेडिओ मध्येच थांबला. रस्ताही एकदम मुका…

परसातून हाक आली.

"अक्का…"

कोवळा आवाज.

"कोण गं?" शकुंतलेनं दार उघडलं.

कुणी नव्हतं. ओल्या हळदीचा वास तेवढा होता.

कडी लावून ती वळली. आता हाक घरातूनच…

"अक्का, माझी वेणी दे की."

शकुंतलेनं नवऱ्याकडं पाहिलं. "कुणाची आहे ही? खरं सांगा."

"रानात पडलेली मिळाली."

वाक्य संपलं आणि दिवा गेला…

आला तेव्हा शकुंतलेचा हात डोक्यामागं होता. फुलं नव्हती. तिची स्वतःची घट्ट वेणीही पेडापेडानं सुटली होती.

मोकळ्या केसांवर हळदीची बोटं.

"सकाळी जा," एवढंच ती म्हणाली. "जिची असेल तिचे पाय धरा."

गेला. हिराबाई अंगणात बसली होती. चिडलेली नव्हती. हसत होती.

"तुमचं खरं बगा, अण्णा. माकडानंच नेलती. सकाळी बघते तर फणसाखाली आणून ठेवलीया."

तिनं मूठ उघडली…

तळहातावर केसांचा काळा आकडा. शकुंतलेचा.

"एकच कळंना. माकडाला आकडा कशाला लागतोय?"

ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. वाटभर त्यानं एकच वाक्य घोकलं होतं. मीच तोडली, अक्का. मीच तोडली.

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला.

ते रीळ त्यानं कधीच धुवायला दिलं नाही. शकुंतला फुलं माळत नाही.

आणि अजूनही मे महिन्यात, दिवे लागताना, परसातून हाक येते. आता 'अक्का' नाही…

"अण्णा…"

तेवढंच. मागत काही नाही.

"निदान ओ तरी द्या," शकुंतला म्हणते.

आजवर त्यानं ओ दिलेली नाही.