सतरा आटे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसायचं नाही. कारण ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत झालंय. गेल्या महिन्यात, गुरुवारी, भर उन्हात, दुपारी सव्वाचारला.

तुम्हाला माहितीये, मी पाणी सोडतो. शहराच्या त्या टोकाला, जिथे दर सहा महिन्यांनी नवी इमारत उभी राहते आणि पाइप तेवढा जुनाच राहतो. रस्त्यात लोखंडी झाकण, खाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. छातीएवढ्या लांब चावीने तो फिरवायचा. अठरा आटे. तास झाला की परत बंद.

मला हे मामाने शिकवलं.

सतरा आटे तो स्वतः फिरवायचा. मग चावीच्या दांड्यावर अंगठी वाजवायचा. टक् टक्. म्हणजे अठरावा माझा. "हाताला कळू दे," म्हणायचा. त्या शेवटच्या आट्याशिवाय वरच्या मजल्यांना पाणी चढत नाही.

मामाला जाऊन दीड वर्ष झालं.

आता माझी चूक ऐका. त्या गल्लीत काँक्रीट पडणार होतं. काँक्रीटच्या आधी आम्ही झाकण वर उचलून घेतो आणि त्यावर पांढरा रंग मारतो. ऑफिसने सांगितलं, सोमवारी पडणार. मी निवांत. शनिवारी पाणी सोडलं, व्हॉल्व्ह बंद केला, घरी गेलो.

त्यांनी शनिवारी संध्याकाळीच ओतलं, झाकणावरूनच.

चाळीस घरं कोरडी. त्यातलं एक माझ्या मामीचं. तिसरा मजला, दोन्ही गुडघे गेलेले, आणि हातात कॅन.

मी किती दारं झिजवली विचारू नका. रस्तेवाले म्हणतात, फोडायला पाणीवाल्यांचं पत्र आणा. पाणीवाले म्हणतात, व्हॉल्व्ह नकाशात दाखवा. नकाशात व्हॉल्व्ह काय, गल्लीच नाही! तिथे नुसती मोकळी जागा. चाळीस घरं राहतात, कागदावर कुणीच राहत नाही.

मामी एवढंच म्हणाली, "तुझा मामा असता तर नखांनी उकरलं असतं त्याने."

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी, सव्वाचारला, तिचा फोन आला.

"खालच्या मजल्यावर पाणी आलंय. तू सोडलंस का रे?"

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो.

दुसऱ्या दिवशी चारलाच जाऊन उभा राहिलो. काँक्रीट गुळगुळीत. चीर नाही, भोक नाही. माझ्याकडे गळती शोधायचा रॉड असतो. एक टोक जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला.

लावला.

काहीच नाही...

सव्वाचार.

कर्रर...

चावी फिरतानाचा आवाज मी झोपेतही ओळखीन. कुणीतरी खाली आटे सोडत होतं. सावकाश, दमादमाने.

मी मोजायला लागलो. पाच... नऊ... चौदा... सतरा.

थांबलं.

मी अठराव्याची वाट बघतोय. रॉड कानाला आणखी दाबला.

मग अगदी कानात...

टक्... टक्.

रॉड टाकला आणि मामीकडे पळालो. मामाची स्वतःची चावी तिच्या दारामागे असते. तो गेल्यापासून कुणी हलवली नाही. तिला ती उचलतही नाही.

चावी होती जागेवर.

टोकाला चिखल होता. ओला.

"मी हात नाही लावला," मामी म्हणाली. "आणि ओलं करायला घरात पाणी आहे का?"

नव्हतंच. तिच्या नळातून नुसती हवा येत होती. फुस्स.

मी तसाच ऑफिसात गेलो. म्हटलं, साहेब, रस्ता फोडा, खाली कुणीतरी आहे. साहेबांनी मानही वर केली नाही. "पाणी आलं ना? मग तक्रार बंद." शिक्का मारला. माझ्यासमोर. वरचे दोन मजले अजून कोरडे आहेत म्हटलं, तर म्हणे मोटर लावा.

तेव्हापासून रोज पाणी येतं. पहिल्या मजल्यापर्यंत. तासाने बंदही होतं. लोक खूश. मामी अजून जिन्याने कॅन चढवते. मी रोज सव्वाचारला रॉड लावतो. रोज सतरा. मग टक् टक्. आणि मग ती शांतता... तो थांबलेला असतो रे. माझ्यासाठी. आणि मी वर उभा, हातात चावी, पायाखाली हातभर काँक्रीट.

मीच फोडणार होतो, काल, रविवारी, घण घेऊन. नोकरी गेली तर गेली. पण गेलोच नाही गल्लीत. हिंमतच झाली नाही. खोलीवरच बसून राहिलो, दार लावून.

सव्वाचारला नळातून आवाज आला.

टक्... टक्.

माझ्या खोलीची लाइन त्या गल्लीला जोडलेली नाही. कुठूनच नाही. हे मला कुणी सांगायची गरज नाही.

इकडची लाइन मीच सोडतो.