शेवटचा हात

चित्रकलेची पदवी घेऊन माणूस पुढं करतो काय, हा प्रश्न शिवरंजनीच्या आईला लेकीच्या पहिल्या वर्षापासूनच पडला होता. उत्तर तसं फार वाईट निघालं नाही. वर्गातला उत्कर्ष तेरखेड्यात फटाक्यांच्या खोक्यांवर मोर काढायचा. लक्ष्मीपेक्षा मोर जास्त खपतो, हे त्याचं पदवीनंतरचं संशोधन. निकिता धाराशिवात फ्लेक्सच्या दुकानात बसून वाढदिवसाच्या पुढाऱ्यांना गोरं करायची. गौरीशंकर पुण्यात परांचीवर चढून इमारतींच्या उंच भिंती रंगवायचा. आणि शिवरंजनी जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती बोलक्या करायची. बैल, रहाट, पाढे, सूर्यमाला, सांगाल ते.

तिच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती, एक सोडून. कळंबकडच्या एका हेडमास्तरांनी ती फार अदबीनं दाखवली होती. म्हणाले, मॅडम, चित्रं झकास आहेत, पण प्रत्येकात काहीतरी राहून गेल्यासारखं का वाटतं? बकरी आहे, तिला सावली नाही. रहाट आहे, त्याला दोर नाही. शिवरंजनी हसून ‘करते सर’ म्हणाली आणि केलं नाही. तिला ते करताच यायचं नाही.

ही खोड विद्यापीठातली, सिद्धाराम सरांनी लावलेली. सर उमरग्याकडचे, धोतर नेसायचे, काखेत कायम छत्री, मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे. त्यांच्या वर्गात एक रीत होती: आपल्या चित्रावर शेवटचा हात आपण फिरवायचा नाही, तो शेजाऱ्याकडं मागायचा. कुठं थांबायचं हे काढणाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. मागणाऱ्यानं चित्रात एक जागा कोरी सोडायची, रंगात बुडवलेला ब्रश डब्यावर आडवा ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. मागितलेला हात कुणी नाकारायचा नाही. तो फिरला की सर मागून म्हणायचे, ‘साकु.’ म्हणजे पुरे. एखादी सावली फार टोचत असेल तर ती स्वतःच्या अंगठ्यानं पुसट करायचे. ठशाच्या चित्रासाठी लिनो कापताना त्या अंगठ्यावर आडवा चिरा पडला होता, त्यामुळं सरांचा ठसा कुठंही ओळखू यायचा.

सरांच्या स्वतःच्या चित्रांना मात्र कुणाचा हात लागला नाही. पोरं फार मागं लागली की म्हणायचे, माझी वेळ आली की मागीन. ती वेळ आली नाही. दोन वर्षांपूर्वी सर गेले. गावाकडं त्यांना समाधी दिली तेव्हा शिवरंजनी आणि गौरीशंकर दोघांनीही मूठमाती टाकली होती.

गौरीशंकर हा तिचा वर्गातला शेजारी. त्याचा शेवटचा हात तिचा आणि तिचा त्याचा, असं सगळं शिक्षण झालं. डावखुरा गडी, काम करताना शीळ घालायचा आणि सावलीत हमखास निळीचा थेंब टाकायचा. तो पुण्याला गेला आणि शिवरंजनीच्या बकऱ्या सावलीविना हिंडू लागल्या. दुसऱ्या कुणाकडं हात मागायचं तिच्या मनातच आलं नाही. त्या माणसावर तिचा जीव होता, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं इतकंच.

यंदा मे महिन्यात तिला तेरखेड्याच्या पुढं एका वस्तीवरची शाळा मिळाली. सुट्टी असल्यामुळं तिथं चिटपाखरू नव्हतं. पोरांची खिचडी शिजवणाऱ्या कमलबाईंकडं किल्ली असायची. शिवरंजनी सकाळच्या गाडीनं यायची, ऊन चढेपर्यंत रंगवायची आणि दुपारी मागच्या व्हरांड्यात कमलबाईंबरोबर भाकरी खाऊन जरा आडवी व्हायची. लांब कुठंतरी फटाक्यांच्या चाचणीचा एखादा बार व्हायचा, लिंबावरचे कावळे उडायचे, की पुन्हा सगळं गप्प.

त्या सोमवारी तिनं लिंबाखालची बकरी काढली. सवयीनं सावली सोडली, सवयीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि जेवायला गेली. परत आली तर बकरीला सावली होती.

चांगली सावली होती. काळ्यात निळीचा थेंब होता आणि रेघा उजवीकडून डावीकडं झुकलेल्या, डावखुऱ्या माणसाच्या असतात तशा. बकरी पहिल्यांदाच जमिनीवर उभी राहिल्यासारखी दिसत होती. खरं सांगायचं तर शिवरंजनीला भीती वाटलीच नाही, हायसं वाटलं. गौरीशंकर न सांगता आला आणि आता पाण्याच्या टाकीमागं लपलाय, असं समजून तिनं शाळेला एक फेरी मारली, चार शिव्याही घातल्या. टाकीमागं कुणी नव्हतं. फाटकाला आतून कडी होती. फोन लावला तर बंद.

दुसऱ्या दिवशी रहाटाला दोर आला. मग बैलाच्या गळ्यात घुंगरं आली. रोज दुपारी, ती व्हरांड्यात असतानाच. ब्रश धुऊन डब्याच्या डाव्या बाजूला उभा केलेला असायचा. आपणच झोपेत उठून करतो की काय, असं म्हणून तिनं एकदा डाव्या हातानं रेघ मारून बघितली. ती रेघ बघून शेंबडं पोरही हसलं असतं.

शनिवारी गौरीशंकरच्या बहिणीचा, महादेवीचा फोन आला. आवाज बसलेला. दादा परांचीवरून पडला, डोक्याला मार आहे, शुद्धीवर नाही. डॉक्टर काही बोलत नाहीत. कधी पडला, असं शिवरंजनीनं विचारलं. सोमवारी, महादेवी म्हणाली, जेवणाच्या वेळेला.

शिवरंजनी पायरीवर बसली. समोर बकरी होती आणि तिची निळसर सावली.

पुण्याला जाऊन काचेबाहेरून बघण्यापलीकडं काही करता येत नव्हतं. इथं मात्र तो रोज येत होता. म्हणजे कुठंतरी होता. काम संपलं की हा माणूस थांबत नाही, झोळी उचलून चालायला लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग काम संपूच द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. ती चित्रामागून चित्र काढत सुटली. मोराला पिसाचा डोळा सोडला, चुलीला जाळ सोडला, गावाच्या वाटेला वळण सोडलं. दुपारी परत यायची तेव्हा सगळं भरलेलं असायचं. मग तिच्या जिवात जीव यायचा आणि ती पुढची भिंत धरायची.

कमलबाई बघत होत्या. एकदा भाकरी मोडता मोडता हळूच म्हणाल्या, ‘ताई, एक बोलू का? आपुन जेवताना तिकडं भितीपाशी कुनीतरी शीळ घालतंय. म्या उठून बघत न्हाय. काम चाललंय न्हवं, चालू द्या.’

शेवटी भिंती संपत आल्या. कोपऱ्यातल्या वर्गाची तेवढी एक राहिली. त्या दिवशी शिवरंजनीनं ती मुद्दाम कोरीच ठेवली आणि जेवायला गेली. भाकरी तशीच ताटात राहिली. सकाळी महादेवी म्हणाली होती की रात्रीपासून त्याचा श्वास खोल गेलाय.

परत आली तेव्हा भिंत कोरी नव्हती.

भिंतीवर दार होतं. दाराबाहेर पांढरी वाट. उंबऱ्यात एक माणूस पाठमोरा उभा होता, चौकड्याचा शर्ट, खांद्याला झोळी. त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. दुसरा काढायचा राहिला होता. पँट घोट्यापाशी संपत होती आणि खाली नुसती भिंत होती.

डब्यावर ब्रश आडवा ठेवला होता, रंगात बुडवलेला. त्याची दांडी उजवीकडं होती. तिच्या हाताकडं.

हात मागितला होता.

इतक्या वर्षांची सवय. तिनं ब्रश उचलला, तेव्हा तो उचलल्याचं तिला कळलंही नाही. टोक घोट्यापाशी गेलं. दोन रेघांचं काम होतं. पाऊल, टाच, की झालं.

पाऊल पडलं की तो जाणार.

रंगाचा एक ओघळ तिच्या मनगटावर आला. गार लागला.

मागितलेला हात नाकारायचा नाही.

‘देत नाही,’ ती म्हणाली. तिचा आवाज रिकाम्या शाळेत फार मोठा वाटला. ‘ऐकलंस का, गौऱ्या? मी देत नाही.’

तिनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि सगळा रंग उतरेपर्यंत घासत राहिली. डबे बंद केले. पाठीमागं शीळ नव्हती, कावळे नव्हते.

मग फोन वाजला. महादेवीला रडण्यामुळं बोलता येत नव्हतं. दादानं डोळे उघडले होते. पाणी मागितलं होतं.

शिवरंजनी तिथंच फरशीवर बसून पोटभर रडली. कमलबाईंनी काय झालं ते विचारलं नाही. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून दिला. त्या महिन्यात शिवरंजनी पुन्हा शाळेकडं फिरकलीच नाही. तशीच पुण्याची गाडी धरली. त्या भिंतीबद्दल मात्र ती कुणाशी बोलली नाही, त्याच्याशीही नाही. काय बोलणार? तो काठी टेकत चालायला लागला होता आणि दवाखान्याच्या चहाला नावं ठेवत होता. तेवढं तिला पुष्कळ होतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी राहिलेलं चित्र पुरं करा, असा वस्तीवरच्या शाळेच्या हेडमास्तरांचा निरोप आला. गौरीशंकर मीही येतो म्हणाला. एसटीतून उतरताना त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शाळेच्या फाटकापर्यंत काढला नाही. आभाळ भरलेलं होतं आणि तिला वाटलं, जन्मात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

तो एकेक भिंत बघत निघाला. बकरीपाशी हसला. कोपऱ्यातल्या वर्गापाशी मात्र थबकला.

‘वळवलंस व्हय गं याला?’ तो म्हणाला. ‘मी तर पाठमोरा काढला होता.’

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. शिवरंजनीनं वर बघितलं. भिंतीवरचा माणूस आता तोंड आत करून उभा होता. झोळी तीच, शर्ट तोच, दोन्ही पावलं उंबऱ्याच्या आत. पावलांखालची सावली कुणीतरी अंगठ्यानं पुसट केली होती. रंगात ठसा उमटला होता आणि ठशावर आडवा चिरा होता.

दोघांनीही तो अंगठा ओळखला.

त्या माणसाच्या मागं, पार लांब, पांढऱ्या वाटेवर आणखी कुणीतरी होतं. बोटाएवढं. पाठमोरं, धोतर, काखेत छत्री. निघालेलं. त्याचं एक पाऊल काढायचं राहिलं होतं.

खाली डब्यावर ब्रश आडवा ठेवला होता.

शिवरंजनीनं गौरीशंकरकडं बघितलं. त्यानं डोळे पुसले आणि मान डोलावली. तिनं ब्रश उचलला. एवढंसं पाऊल, एकच टिंब. टेकवलं आणि ती मागं सरली.

दोघंही सवयीनं थांबले, वर्गात थांबायचे तसे. मागून काहीच ऐकू आलं नाही.

व्हरांड्यातून कमलबाई ताटलीत तीन कप चहा घेऊन आल्या. इकडंतिकडं बघत म्हणाल्या, ‘म्हातारबा गेले व्हय? सकाळधरनं पायरीवर छत्री टेकून बसले व्हते. पोरं येऊ द्या, मग जातो म्हनले. आत्ता उठून गेले. जाताना कायतरी बोलले बगा, साकु. म्हंजी काय वो ताई?’