शर्ट झटकताना

"बाबा, नुसतं फुंकायचं आहे! तुम्ही तर इंजेक्शन असल्यासारखे घाबरून राहिले!" शलाका हसली.

दवाखान्यातल्या टेबलावर धूळवाचक होता, जेवणाच्या डब्याएवढा. नळीत श्वास सोडला की त्यासोबत आलेले कण तो तपासायचा. ते कुठल्या खाणीचे, छातीत किती वर्षं साचलेले, सगळं सांगायचा! पूर्वी खाणकामगारांना बिडीचा खोकला म्हणून परत पाठवत. आता यंत्रानं कौल दिला की कंपनीला भरपाई आणि औषधपाणी देणं भाग होतं.

"अन् बिडीच निघाली तर?" बाबा खोकत म्हणाले.

"अगाई! एवढा खाणीत उतरणारा माणूस अन् नळीले भेते!" आईनं नळी ओढून घेतली. "हे पाहा, असं." आणि जोरात फुंकलं.

पडद्यावर अक्षरं उमटली : नांदगिरी खाण. भूमिगत काम, अंदाजे चौदा वर्षे. फुप्फुसविकार गंभीर.

"आई, तू कधी गेली होती खाली?" शलाका खिदळली. बाकी कुणी हसलं नाही. तपासनीस मॅडमनी नळी बदलून आईला पुन्हा फुंकायला लावलं. तेच उत्तर.

"घरी ह्यांचे कपडे कोण धुतं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मीच जी. आधी झटकायचे, मग भिजवायचे. खोलीतच, दार लावून. बाहेर शेजारणीची वाळवणं असतात, त्यावर काळं बसते."

मग बाबांनी फुंकलं. हिरवा दिवा लागला : भरपाई मंजूर.

"आणि आईला?" शलाकानं विचारलं.

"यंत्र मानतं गं. नियम मानत नाही. भरपाईला खाणीच्या हजेरीत नाव लागतं," मॅडम म्हणाल्या.

"मग माह्यं हिले द्या," बाबा म्हणाले. "मीच आणलं न घरात."

"तसं नाही करता येत, काका."

शलाकाचं हसू केव्हाच मावळलं होतं. तिला बाबांचा तो शर्ट आठवला. एक टोक आईच्या हातात, दुसरं तिच्या. झटका दिला की काळा ढग उठायचा, आणि लहानगी शलाका तोंड उघडं टाकून, हसत हसत त्यात गिरक्या घ्यायची!

तिनं कोरी नळी उचलली. आईनं झटकन तिचं मनगट धरलं.

"नको, बाई. राहू दे."

"नाही फुंकलं तर ते आत नसेल का, आई?"